दस्तीखालचा हात

माझ्या मुलीनं मला फसवलं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं वाचताना कुणाला माझी दया येईल, कुणाला तिची, आणि मूळ मुद्दा बाजूला राहील. तिनं माझी मिशी, माझा राग, माझ्या खांद्यावरची दस्ती आणि माझा धंदा मला न विचारता चित्रांत घातला. ती चित्रं फोनवर लोकांना दाखवली आणि लोक हसले. माझ्या घरातली वस्तू माझ्या परवानगीशिवाय बाजारात गेली. मी स्वतः जनावरांच्या बाजारातला दलाल आहे. कुणाची वस्तू कुणी कशी बाहेर काढतो, हे मला शिकवू नये.

मला हे कळलं ते हुमनाबादच्या नाक्यावर, चहाच्या हॉटेलात. उदगीरकडचा एक तरुण व्यापारी देवणी खोंडांची जोडी बघायला आला होता. बोलताना त्याचं लक्ष बैलांकडं कमी आणि माझ्या तोंडाकडं जास्त. एकदा फोनकडं बघे, एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाला, "अण्णा, रागावू नका. पण हे तुमीच हाव का?"

फोनमध्ये चौकोनी चित्रं होती. एक मिशीवाला माणूस खांद्यावर दस्ती टाकून इतका ओरडत होता की समोरच्या बैलाचे कान वाऱ्यानं मागं वळले होते. बैल शेजारच्या बैलाला विचारत होता, "कामून ओरडायलाय ह्यो? इकायला आपल्याला काढलंय, आन् घाबरायलाय ह्योच."

मी म्हणालो, "मिशा काय मला एकट्यालाच हायत का?"

त्यानं बोटानं पुढचं चित्र आणलं. त्यात माणूस मागून दिसत होता. डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खाच होती.

ती खाच माझी आहे. तरणा असताना एका गोऱ्ह्यानं शिंग मारलं, त्याची. ती समोरून दिसत नाही आणि कानावर केस आले की मागूनही दिसत नाही. ती नीट बघायची तर माणसाला माझ्या खांद्यावर बसावं लागतं. माझ्या खांद्यावर जन्मात एकच माणूस बसलंय.

चहा तसाच ठेवून मी उठलो. खोंडांचा व्यवहार त्या दिवशी झाला नाही.

दस्तीबद्दल आधी सांगायला पाहिजे. दस्ती म्हणजे आमच्याकडं खांद्यावरचा मोठा रुमाल. घाम पुसायला, डोक्याला बांधायला, भाकरी गुंडाळायला चालतो. पण आमच्या बाजारात तिचं खरं काम वेगळं आहे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, हातांवर दस्ती टाकतात आणि तिच्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात; जितकी बोटं, तितका आकडा. वरती दोघं पावसावर बोलतात, घरच्यांची चौकशी करतात. भोवती कितीही माणसं उभी असोत, आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही. एकाचा भाव दुसऱ्याला कळला की दुसऱ्याचा बिघडतो, म्हणून ही रीत. याला कागद नाही, साक्षीदार नाही. दोनच नियम आहेत. आत धरलेलं बोट बाहेर आल्यावर नाकारायचं नाही. आणि हात आत आहे तोवर सौदा जिवंत असतो. ज्यानं आधी हात काढला, त्यानं तो मोडला.

आता बैलांचेही व्हिडिओ येतात आणि तरुण पोरं फोनवरच बोलून मोकळी होतात. पण जुनी माणसं अजून दस्तीखालीच बसतात, आणि मी त्यांच्यातला आहे. माझा बाप दुसऱ्याची गुरं राखायचा. बाजारात मला बसायला जागा कुणी दिली नाही. ती मी भांडून घेतली. भांडण हेच माझं भांडवल होतं म्हटलं तरी चालेल. आवाज चढवला की समोरचा एक पाऊल मागं जातो, हे मला लवकर कळलं. घरात आवाज चढवायचा नसतो, हे कळायला फार उशीर झाला.

मुलगी सहा वर्षांची होती तेव्हापासून माझ्याबरोबर बाजारात यायची. गर्दीत खांद्यावर बसायची आणि उतरली की बैलांच्या दावणीजवळ पावतीबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर चित्रं काढायची. माणसं काढायची नाही, फक्त बैल. प्रत्येक बैलाचं तोंड निराळं. मी म्हणायचो, "सगळे बैल सारखेच की गं." ती म्हणायची, "तुमाला सारखे दिसायलेत. त्यांना इचारा."

बोटं तिला मीच शिकवली. पहिल्यांदा दस्तीखाली हात घातला तेव्हा तिची सगळी मूठ माझ्या एका बोटाभोवती बसली. त्यामुळं ती काहीही मागो, आकडा एकच यायचा. मग ती चिडायची. आतला हात तसाच ठेवून दुसरा हात वरून दस्तीवर आपटायची. राग माझाच होता तिच्यात, पण हात आत ठेवायची शिस्त तिची स्वतःची.

पुढं हात वाढला तसे आमचे सौदेही वाढले. शाळेला किती दिवस दांडी, रंगाच्या किती कांड्या, जेवताना किती गोष्टी. बायको ताट वाढून बसलेली असायची आणि आम्ही दोघं दस्तीखाली हात घालून हवापाण्याच्या गप्पा मारत असायचो. ती म्हणायची, "बाप-लेकीचा बाजार उठला की सांगा. भाकरी गार व्हायलीय."

गोष्टींचा भाव बहुतेक वेळा तीनवर ठरायचा. मी दोन धरायचो, ती तीन सोडायची नाही.

कलबुर्गीला कॉलेज झालं आणि तिला बंगळुरात कुठल्याशा कंपनीत चित्रं काढायचं काम लागलं. त्याचाही पगार देतात, हे मला पटायला वेळ लागला. जाण्याच्या आदल्या दिवशी ती ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसली. माझ्या खांद्यावरची दस्ती तिनंच ओढून घेतली आणि आमच्या हातांवर टाकली. कशाचा सौदा आहे हे ती आठ दिवस सांगत होती: काही वर्षं तिच्या लग्नाचं नाव काढायचं नाही. किती, एवढंच ठरायचं होतं.

वरती ती म्हणाली, "तूर यंदा बरी दिसायलीय, अप्पा." आत तिनं तीन बोटं धरली.

मी दोन धरून बघितली. सवय. तिनं तीन सोडली नाहीत. हाताला हात लागल्यावर मला कळलं की ही मूठ आता मोठ्या माणसाची झालीय, आणि का कोण जाणे, मला पुढं ओढाताण करावीशी वाटली नाही.

"व्हय," मी म्हणालो, "शेंगा भरल्यात." आणि तीन धरली.

एक वर्ष गेलं. अफजलपूरकडचं एक स्थळ आलं. भीमेचं पाणी, ऊस, घरात माणसं मोजकी, मुलगा चांगला. मुलगा चांगला होता हे मी आजही म्हणेन. मी त्यांना या म्हणालो. ती सणाला घरी आली होती; दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येणार, हे तिला स्वयंपाकघरात कळलं. ती बाहेर आली आणि अगदी सावकाश म्हणाली, "अप्पा, तीन ठरली होती."

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. मी म्हणालो, "ते दस्तीखालचं होतं. त्याला साक्षी कोण हाय?"

ती माझ्या खांद्याकडं बघत राहिली.

"मग ही दस्ती खांद्यावर कामून ठेवायलाव? तोंड पुसायला?"

मी ताडकन उठून बाहेर गेलो. पार बसस्टँडपर्यंत गेल्यावर लक्षात आलं की एका पायात माझी चप्पल आहे आणि दुसऱ्यात बायकोची. परत यायला लाज वाटली, म्हणून अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो. सकाळी ती पहिल्या गाडीनं गेली. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही आणि मीही तिच्याशी बोललेलो नाही. आईला रोज फोन यायचा. मी घरात असलो की बायको फोन घेऊन मागच्या दारी जायची. या गोष्टीला दोन वर्षं होत आली.

आणि या दोन वर्षांत पोरगी दर रविवारी माझं चित्र काढत होती.

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला ठाव हाय की. पहिल्यापासनं बघायलेय मी."

"मग मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई. तिचं काईच इचारलं न्हाई तुमी."

मी फोन दुकानात नेऊन ती चित्रं दिसतील असं करून घेतलं. पहिली कुठली, शेवटची कुठली, कसं सरकवायचं ते शिकलो. कुठंही तिचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. पहिली दहा-बारा मी फक्त पुरावा म्हणून बघितली: इथं माझा अपमान, इथं माझा अपमान. मग गाणगापूरचं आलं.

खरंच झालं होतं ते. ती आठवीत असताना आम्ही तिघं दर्शनाला गेलो होतो. देवळाबाहेरच्या दुकानात मी नारळाच्या भावावरून हुज्जत घालत बसलो. दुकानदारही माझ्यासारखाच. रांग पुढं सरकत गेली, आणि आमचं मिटेपर्यंत दर्शन बंद झालं. चित्रात शेवटी काय दाखवलंय, तर मी आणि तो दुकानदार बंद दारासमोर पायरीवर बसलोय, दोघांचे हात दस्तीखाली, मधे नारळ. आणि दारावर टांगलेली घंटा म्हणते, "ह्यांचं होऊ द्या आधी."

त्या दिवशी त्या दुकानदारानं आम्हाला आपल्या डब्यातली भाकरी दिली होती. हे मी विसरलो होतो. तिनं डबाही काढला होता, कोपऱ्यात, झाकण उघडं. ते बघून मी हसलो नाही, पण पुरावा गोळा करायचं त्यानंतर जमेना.

आता ज्या चित्रापायी हे सगळं लिहायला बसलो, त्याचं सांगतो.

त्यात चार चौकोन होते. पहिल्यात मिशीवाला माणूस आणि दोन वेण्यांची मुलगी समोरासमोर, हात दस्तीखाली. दुसऱ्यात माणूस तोंड वासून उठलाय, चौकटीबाहेर निघालाय. त्याच्या एका पायात पुरुषाची चप्पल, दुसऱ्यात बाईची. तिसऱ्यात बाजार उठलाय, सगळीकडं रिकाम्या दावणी, आणि मुलगी होती तिथंच. चौथ्यात मुलगीही दिसत नाही. एका स्टुलावर फक्त दस्ती, एक टोक चौकटीबाहेर गेलेलं, आणि खिडकीतून तोंड आत घालून बघणारा बैल. बैल एकच शब्द बोलतो: "अजून?"

संपलं.

खाली लोक लिहितात. एरवी हसण्याचीच चिन्हं असायची. या वेळी निराळं होतं. "समजलं नाही ताई." "चौथा चौकोन चुकून आला का?" "बैलानं जोक खाल्ला वाटतं." एका शहाण्यानं लांबलचक समजावून सांगितलं होतं की दस्ती म्हणजे सरकार आहे आणि स्टूल म्हणजे जनता. त्यालाही पुष्कळांनी बरोबर म्हटलं होतं. मुलीनं कुणालाच उत्तर दिलं नव्हतं.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. फसली, म्हटलं. मग संध्याकाळपर्यंत डोकं तापत गेलं. लोकांना कळलं नाही ते ठीक. ते कधी बाजारात बसले नाहीत. पण दस्ती माझी, मिशी माझी, चपलासुद्धा माझ्याच घरातल्या, आणि विनोद मलाच कळू नये? बाजारात माझ्यासमोर कुणी हातचं राखून बोललं तर ते मी काढून घेतो. इथं चार चौकोनांसमोर मी आठ दिवस बसलो. चपला जोडीच्या नाहीत म्हणून लोकांनी हसायचं, तर मग चौथा चौकोन कशाला? मी पळून गेलो म्हणून हसायचं, तर बैल "अजून?" कामून म्हणतो? अजून काय? अजून रागावलाय? अजून आला नाही?

शेवटी मी उस्तादांकडं गेलो. बाजारात मला बोटं शिकवली ती त्यांनी. आता त्यांना दिसत कमी, पण बाजाराच्या दिवशी लिंबाखाली येऊन बसतात. फोन त्यांनी नाकाला लावला.

"इसमें हसना किधर है? वो नै लिखा क्या?"

"तेच इचारायलोय, उस्ताद."

मी एकेक चौकोन सांगत गेलो. ते ऐकत राहिले.

"ये आदमी उठ के गया?"

"व्हय."

"सौदा तो हो गया था ना?"

"व्हय. झाल्तं."

"और फिर हात झटक के चला गया." त्यांनी फोन मला परत दिला. "हसने का नै है ये. ऐसे आदमी के सामने कौन बैठता जी, बाजार में?"

मी फोन खिशात घातला.

"छोकरी किसकी है?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, चित्रातली आहे. उस्ताद दुसरीकडं बघत म्हणाले, "अच्छा. चित्र की है." त्यांनी मला पोरगी खांद्यावर घेऊन बाजारात फिरताना कितीदा पाहिलं होतं.

घरी आलो तर बायको तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला. चित्रं पहिल्यापासून बघणाऱ्या बाईला हे कळलं असेल तर आता तिनं सांगावं, असं म्हणालो. नीट विचारलं असं नाही, पण विचारलं. तिनं पदराला हात पुसले आणि बघितलं.

"मला तुमच्या बाजाराचं काय कळतंय? मला तर ही दस्तीच नीट घातलेली दिसंना. मधीच वर आलीय. खाली काय ठेवलंय?"

"कुठं वर आलीय?"

तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पोरीचा चेहरा मोठा करून करून शिकलीय. स्टुलावरची दस्ती खरंच मधे उचललेली होती. मला आठ दिवस ती नुसती दस्ती दिसली. घडी घालणाऱ्या बाईला घडी दिसली.

"वाटी आसंल," ती म्हणाली.

मी उठून घरातलं स्टूल आणलं. वाटी ठेवून वर दस्ती टाकली. तसं दिसेना, फार गोल. तांब्या ठेवला, तर तंबू झाला. बायको शेंगा सोडून बघत होती. मग मी माझा हात घातला, तळवा वर करून, जसा बाजारात घालतो तसा. चित्रातल्यासारखं दिसलं, पण मोठं.

"काढा तुमचा," ती म्हणाली आणि तिनं आपला हात घातला.

मी चित्र बघितलं आणि स्टूल बघितलं. एकच. अंगठ्याकडचा उंचवटा, बोटांकडचा उतार, सगळं एकच.

"हात माझ्यावर गेलाय तिचा," बायको म्हणाली. मग तिनं बराच वेळ हात काढला नाही.

मुलगी चौकटीबाहेर होती. हात तेवढा आत होता.

आणि मग मला गोष्ट आठवली. जेवतानाच्या तीन गोष्टींतली ही नेहमी शेवटची असायची. आमच्या बाजारात फार पूर्वी एक म्हातारा आपला बैल विकायला आला होता. दस्तीखाली भाव जुळत आला आणि घेणाऱ्याचा स्वतःचा बैल दावं तोडून पळाला. घेणारा "आलोच" म्हणून त्याच्यामागं धावला. म्हातारा बसून राहिला, हात दस्तीखालीच. काढला तर सौदा मोडला, आणि मोडणारा आपण ठरलो. ऊन चढलं, उतरलं. लोकांनी चहा दिला तर डाव्या हातानं प्याला. विडी दुसऱ्यानं पेटवून दिली. बाजार उठला, झाडलोट करणारे त्याच्या भोवतीनं झाडून गेले. खरी गोष्ट इथं संपते. अंधार पडला आणि भाऊ येऊन म्हाताऱ्याला घेऊन गेला. पण मुलीला तो शेवट आवडायचा नाही. ती विचारायची, "मग? अजून बसलाय?" मी म्हणायचो, "अजून बसलाय." मग ती हसत सुटायची, उचकी लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी शाळेला जाता जाता दारातून विचारायची, "अप्पा, अजून?" मी आतून म्हणायचो, "अजून."

वर्षानुवर्षं चाललं ते. आणि बैलाच्या तोंडी तोच शब्द बघून मला आठ दिवस काही आठवलं नाही. रागानं माणसाचे कान जातात हे माहीत होतं. आठवणही जाते, हे नवीन.

तर विनोद हा होता. म्हातारा माझ्या घरातच बसला होता आणि मी त्याला ओलांडून रोज बाजारात जात होतो. हात मी काढला होता. तिनं काढला नव्हता. माझ्याशी बोलत नव्हती, पण सौदा मोडला असंही कधी म्हणाली नव्हती. तीन वर्षं ठरली होती. ती आपल्या बाजूनं पाळत होती आणि दर रविवारी मी परत येतोय का ते बघत होती.

इथं मी पहिलं वाक्य खोडायला पाहिजे. साक्षी कोण, हे ज्यानं विचारलं त्यानं फसवलं. असल्या माणसाला मी स्वतः बाजारात उभं राहू दिलं नसतं. हे मी लिहून देतो. पण पहिलं वाक्य खोडत नाही. मिशी माझी आहे आणि मला विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी स्टूल ओसरीवर ठेवलं, हात ठेवला, वर दस्ती टाकली. बायकोला म्हणालो, फोटो काढ आणि तिला पाठव.

"काय लिहू?"

"काई लिहू नको."

"चुकलं म्हणून तरी लिहू का?"

"दस्तीखाली लिहीत नसतेत."

तिनं फोटो काढला. मग म्हणाली, कानाची खाच पण येऊ द्या, तिला पटंल. मी मान वळवली. तिनं दुसरा काढला आणि दोन्ही पाठवले. थोड्या वेळानं फोनवरच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. मी हात काढला नाही. बायकोनं चहा आणला, तो डाव्या हातानं प्यालो. थोडा सांडला. रस्त्यानं जाणाऱ्या शेजाऱ्यानं विचारलं, "काय अण्णा, कुणासंगं सौदा करायलाव? समोर तर कुणीच न्हाई." मी म्हणालो, येईल. जेवायची वेळ झाली तेव्हा बायको म्हणाली, "आता उठा. रोज घाला वाटलं तर." ते बरोबर होतं. तेव्हापासून रोज दिवे लागायच्या वेळेला थोडा वेळ घालतो. लोक हसतात. हसू देत, त्यांना हसायची सवय माझ्या घरातूनच लागलीय.

या रविवारी चित्र आलं नाही. त्या पोरीनं दोन वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता. खाली लोक विचारायलेत, ताई कुठं आहात, मिशीवाले अण्णा बरे आहेत ना. मी बरा आहे. हे मी तिथं लिहिणार नाही, कारण माझा व्यवहार त्यांच्याशी नाही.

माझा व्यवहार तुझ्याशी आहे. फोटो तू बघितलास, खुणा निळ्या झाल्यात, आता दिसलं नाही असं म्हणता येणार नाही. माझ्या बाजूची चूक मी वर लिहून दिलीय, आता तुझ्या बाजूचा जाब मला पाहिजे. माझी मिशी कुणाला विचारून लोकांना दाखवलीस? गाणगापूरच्या भांडणात माझंच तोंड एवढं मोठं का, दुकानदाराचं का नाही? आणि दोन वर्षं हात आत होता, तर दस्तीवर एकदा दुसरा हात आपटायला काय झालं होतं? लहानपणी तर लगेच आपटायचीस. तीनातलं थोडंच उरलंय. ते पाळायला मी तयार आहे, वाढवून पाहिजे असेल तर त्यावरही बोलू, दोन धरून बघायची माझी सवय तुला माहीत आहे. पण समोर येऊन बस आणि बोट धर. नाहीतर माझ्यादेखत हात काढ, म्हणजे मला कळेल. नुसतं बघून गप्प बसणं आपल्या बाजारात चालत नाही, आणि ते मी तुला शिकवलेलंही नाही.